कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आजी-आजोबांसह

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातला ट्रेल रिज रोड हा रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या दुपटीहून वर, तेही गाडीत बसल्या बसल्या, एका सकाळीत. माझ्या सासऱ्यांना रक्तदाब आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, माझ्या आईला मधुमेह आहे. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. हे पाच आणि आम्ही दोघं असे सात जण २०२४च्या जुलैमध्ये शिकागोजवळच्या आमच्या उपनगरातून गाडीने तिथे जाऊन आलो. या सहलीची आखणी आम्ही कशी केली ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं, कारण उन्हाळ्यात आई-वडील इकडे आले की त्यांना कुठे न्यायचं, त्यांना कितपत झेपेल, हा प्रश्न आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात असतो.

जागा सासऱ्यांनी निवडली. ते वाईचे. शाळेत अनेक वर्षं भूगोल शिकवला. नायगारा मागच्या खेपेला झाला होता, मोठी शहरं बघण्यात त्यांना रस नव्हता. ‘वर्गात भिंतीवरच्या नकाशात रॉकी पर्वत दाखवत आलो, एकदा बघू दे,’ एवढंच म्हणाले. आणि लगेच पुढचं वाक्य: ‘पण आमच्यासाठी तुम्ही अडून राहू नका. आम्ही बसू गाडीत, तुम्ही फिरून या.’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माझे आजोबा म्हणायचे, आता आई म्हणते, सासूबाई म्हणतात. आपली पिढीच्या पिढी अशी घडली आहे की मुलांच्या आनंदात आपली अडचण नको. गुडघा ठणकत असला तरी ‘ठीक आहे गं’ म्हणतील, लघवीला लागलं तरी पुढच्या थांब्यापर्यंत कळ काढतील, पाणी मुद्दाम कमी पितील. घरी हे खपून जातं. दहा-बारा हजार फुटांवर मात्र डोकं दुखणं, मळमळणं, पाय लटपटणं हे वेळेवर सांगितलं नाही तर ते जिवावर बेतू शकतं. म्हणून मी आणि नवऱ्याने एक गोष्ट सगळ्यांत आधी ठरवली: या तिघांना तक्रार करावीच लागणार नाही अशी आखणी करायची. किती बघून होईल, याचा विचार त्यानंतर.

सुरुवात डॉक्टरांपासून केली. इकडच्या आमच्या डॉक्टरांशी बोललो, आणि वाईच्या व नाशिकच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर. उंचीवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण हवेचा दाबच कमी होतो. बारा हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६४ टक्के उरतो. तेवढ्याच श्वासात कमी प्राणवायू मिळतो, त्यामुळे हृदय आणि फुप्फुसं जास्त काम करतात. शरीर याला जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. डॉक्टरांचा भर एकाच गोष्टीवर होता: दिवसा वर जाऊन आलात तर चालेल, पण रात्री झोपायची जागा टप्प्याटप्प्याने वर न्या. उंचीच्या त्रासावर घेतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची का, हे आम्ही त्यांच्यावरच सोपवलं. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या औषधांत लघवी वाढवणारी एक गोळी आधीच होती, त्यामुळे त्यांना ती नको म्हणाले. बाकीच्यांनाही सावकाश चढण्याचाच सल्ला दिला. आईच्या साखर मोजायच्या यंत्राबद्दलही सांगितलं, की थंडीत आणि उंचीवर काही यंत्रं चुकीचा आकडा दाखवतात. तेव्हा ते अंगाजवळ, कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं आणि आकड्यापेक्षा तिला कसं वाटतंय त्याकडे लक्ष द्यायचं.

आई-वडिलांचा इथला प्रवासी विमा काढलेला असतो, पण त्यातलं आधीपासूनच्या आजारांचं कलम बहुतेक जण वाचत नाहीत. आम्ही ते बसून वाचलं. आधीचा आजार अचानक बळावला तर किती रकमेपर्यंत भरपाई, कोणत्या वयानंतर ती रक्कम कमी होते, हे निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

नवऱ्याचं म्हणणं होतं, डेन्व्हरपर्यंत विमानाने जाऊ आणि तिथून गाडी भाड्याने घेऊ. दोन-अडीच तासांत पोचतो, तर हजार मैल गाडी कशाला हाकायची? पण डॉक्टरांचं ऐकल्यावर नकाशा उघडला आणि आमच्या लक्षात आलं की इंटरस्टेट ८० हा महामार्ग स्वतःच हळूहळू चढत जातो. शिकागो सहाशे फुटांवर. आयोवातलं डे मॉइन साडेनऊशेच्या आसपास. नेब्रास्कातलं कर्नी दोन हजारांच्या जरा वर. कोलोरॅडोत शिरून पर्वताच्या पायथ्याशी असलेलं लव्हलँड पाच हजारांच्या जवळ. आणि उद्यानाच्या दारातलं एस्टेस पार्क ७,५२२. सपाट वाटणारा तो कंटाळवाणा प्रदेश म्हणजे शेकडो मैल लांबीचा एक सौम्य चढ आहे. प्रत्येक मुक्काम आधीच्यापेक्षा थोडा वर. त्या दिवशी विमानाचा विषय संपला.

एका दिवसात पाच तासांहून जास्त गाडी चालवायची नाही, हे ठरवून मुक्काम पक्के केले: डे मॉइन, कर्नी, मग लव्हलँड. लव्हलँडला एका रात्रीऐवजी जास्त राहायचं, कारण पाच हजार फूट म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपासची उंची आणि तिथे शरीर किती कुरकुर करतं ते कळतं. तिथे काही त्रास झाला असता तर एस्टेस पार्कचं आरक्षण रद्द करून पायथ्याशीच राहायचं आणि एक दिवस वर जाऊन यायचं, असा दुसरा बेतही तयार होता. त्यासाठी आरक्षण रद्द करता येईल अशाच जागा घेतल्या, थोडे पैसे जास्त पडले तरी.

हॉटेलच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. खोली घेताना न्हाणीघर विचारा. इथल्या बहुतेक न्हाणीघरांत आंघोळीला टब असतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या टबच्या कडेवरून ओल्या पायाने आत-बाहेर करणं हा सहलीतला सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. आम्ही फोन करून अपंगांसाठीच्या खोल्या मागितल्या, जिथे शॉवरची जमीन सपाट असते आणि भिंतीला धरायला दांडे असतात. शिवाय एक बादली आणि तांब्या गाडीत टाकला. सासूबाईंना शॉवरखाली उभं राहून आंघोळ केल्यासारखं वाटत नाही. बसायला प्लॅस्टिकचं स्टूल, समोर बादली, मग त्यांचा दिवस नीट सुरू होतो.

गाडी आमची आठ आसनी मिनीव्हॅन. सगळ्यात मागच्या ओळीत शिरायला वाकावं लागतं, म्हणून तिथे मी आणि मुलं. मधे दोन्ही आज्या, पुढे सासरे. सामान छतावरच्या पेटीत. दर दोन तासांनी थांबायचंच, कुणाला गरज असो वा नसो. नवऱ्याने फोनवर गजर लावून ठेवला होता. गजर वाजला की गाडी पुढच्या विश्रांतिस्थळी वळायची, सगळे उतरायचे आणि फिरून पाय मोकळे करायचे. बराच वेळ बसून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका या वयात खरा असतो, पण आम्ही ते कारण फारसं उगाळलं नाही. गजर वाजला की सगळ्यांनी उतरायचं, एवढाच नियम. त्यामुळे ‘माझ्यासाठी थांबवू नका’ म्हणायला कुणाला जागाच उरली नाही. आई आणि सासूबाई पाणी व्यवस्थित पिऊ लागल्या, कारण पुढचा थांबा कधी येणार ते त्यांना घड्याळावर दिसत होतं.

खाण्याचं खातं दोघी विहिणींनी परस्पर वाटून घेतलं. सासूबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले आणि साखर न घातलेले डिंकाचे लाडू. मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं, गूळ हे कायमचं. मी त्यात हात घातला नाही. मुलांना ‘वाईची आजी’ आणि ‘नाशिकची आजी’ यांच्या डब्यांतला फरक झाकण उघडल्याबरोबर कळायचा. सासऱ्यांकडे एक जाड वही दिली. त्यात रोजचे मैल, मुक्कामाची उंची, औषधांच्या वेळा, आणि मुलीने सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून घेतलेले सगळ्यांचे आकडे. हा ऑक्सिमीटर करोनात प्रत्येक घरी आला आणि मग कपाटात पडून राहिला. आता तो मुलीच्या गळ्यात होता. ती सगळ्यांनाच लावायची, बापालाही आणि भावालाही, त्यामुळे आजोबांना आपल्यावर नजर ठेवली जातेय असं वाटलं नाही. उलट मुलांचे आकडे बघून ते तिला प्रश्न विचारायचे.

पश्चिम नेब्रास्कात घड्याळ एक तास मागे जातं. औषधांच्या दृष्टीने ही बारीकशी गोष्ट महत्त्वाची. आईची जेवणाआधीची गोळी जेवणाबरोबरच सरकणार होती, पण सासऱ्यांच्या गोळ्या त्यांनी जुन्या वेळेवरच चालू ठेवल्या. वहीत दोन रकाने केले: घरची वेळ, इथली वेळ.

उद्यानात शिरण्याचा परवाना हा आखणीतला सगळ्यात किचकट भाग. या उद्यानात इतकी गर्दी होते की २०२०पासून उन्हाळ्यात वेळ ठरवून दिलेले प्रवेश परवाने सुरू झाले. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते लागतात, आणि सरकारी संकेतस्थळावर आधी घ्यावे लागतात. जुलैचे परवाने १ जूनला तिथल्या वेळेनुसार सकाळी आठला खुले होतात, म्हणजे आमच्याकडे नऊला. त्यांतही दोन प्रकार: एक बेअर लेक रोडसकट सगळ्या उद्यानाचा, दुसरा तो रस्ता वगळून बाकीचा. बेअर लेक रोडवर पहाटे पाच ते संध्याकाळी सहा परवाना लागतो, बाकी भागात सकाळी नऊ ते दुपारी दोन. काही परवाने राखून ठेवलेले असतात आणि ते आदल्या संध्याकाळी सातला मिळतात.

हे सगळं मी सासऱ्यांना समजावून सांगत होते, आणि त्यांना ते माझ्याआधी कळलं. ‘आपल्या कासला आता असंच आहे की,’ म्हणाले. वाईहून कासचं पठार जवळ. पूर्वी कुणीही कधीही जायचं, फुलांत लोळून फोटो काढायचे. पश्चिम घाट २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, गर्दी अफाट वाढली, आणि मग हंगामात ऑनलाइन नोंदणी, रोज ठरावीकच माणसं, कुंपण असे नियम आले. त्यावर गावात झालेली बोलणी त्यांनी ऐकलेली होती. फुलं टिकायची तर माणसं मोजून सोडावी लागतात, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

मग वेळापत्रक बघताना ते म्हणाले, ‘नऊच्या आत शिरलं तर परवाना नको ना? मग आपण सातलाच जाऊ.’ आणि सगळा गुंता सुटला. आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी आठपर्यंत झोपणारे. पण घरातली तीन माणसं रोज पहाटे पाचला उठून, चहा घेऊन, पूजा उरकून साडेसहाला तयार असतात. उन्हाळ्यात या डोंगरांवर दुपारी ढग जमतात आणि विजा कोसळतात. झाडं जिथे संपतात त्या उंचीच्या वर आडोसा नसतो, म्हणून दुपारच्या आत खाली उतरायचं, असा तिथला दंडक आहे. आणि दुपारी जेवून आडवं होणं हा आमच्या आजी-आजोबांचा रोजचा क्रम. म्हणजे पर्वताची दिनचर्या आणि त्यांची दिनचर्या तंतोतंत जुळत होती. बदलायचं होतं ते आम्हाला आणि मुलांना. हे उमगल्यावर मी आधी केलेला कार्यक्रम पुसून नवा लिहिला: सकाळी सहा ते दुपारी एक बाहेर, मग जेवण, झोप, पत्ते, संध्याकाळी जवळच फेरफटका. ट्रेल रिज रोडसाठी परवाना घेतलाच नाही. बेअर लेक रोडचा तेवढा घ्यायचं ठरलं.

प्रवेशशुल्काचा भाग मुलीने सोडवला. अमेरिकेत चौथीतल्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत पास मिळतो, आणि खासगी गाडीने गेलं तर त्या पासावर गाडीतले सगळे आत जातात. तो सप्टेंबरपासून पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत चालतो, त्यामुळे नुकती चौथी झालेल्या मुलीचा पास जुलैमध्ये लागू होता. तेव्हा तो कागदावर छापून न्यावा लागायचा, फोनवर दाखवून चालायचं नाही. ज्येष्ठांसाठी स्वस्त पास आहे, पण तो इथल्या नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही. प्रवेशद्वारावर मुलीने स्वतः कागद पुढे केला आणि रेंजरने, म्हणजे उद्यानाच्या रक्षकाने, त्याच्या बदल्यात तिला पासाचं कार्ड दिलं. आजोबांना आपण घेऊन आलो, हे तिने त्यानंतर बऱ्याच जणांना सांगितलं.

लव्हलँडहून एस्टेस पार्कला जाणारा रस्ता बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद घळीतून जातो. ३१ जुलै १९७६च्या संध्याकाळी या घळीत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि पुरात १४४ माणसं गेली. आजही रस्त्याच्या कडेला पाट्या आहेत: पूर आला तर गाडी सोडून वर चढा. सासऱ्यांनी ती पाटी वाचली आणि ‘सात जणांत कोण कुणाला धरणार ते ठरवा,’ म्हणाले. आम्ही ठरवलं. आकाश स्वच्छ होतं, तरीही.

एस्टेस पार्कमध्ये स्वयंपाकघर असलेलं लाकडी घर घेतलं होतं, सगळं तळमजल्यावर. घरून कुकर नेला होता. साडेसात हजार फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ मऊ व्हायला फार वेळ लागतो. कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो म्हणून लवकर शिजते. सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळी वरणभात लावला, दोन शिट्ट्या जास्त घेतल्या. सगळे पोटभर जेवले, आणि मला बरं वाटलं, कारण अन्नावरची वासना उडणं हे उंची बाधण्याच्या सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असतं. त्रास होतोय का, असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. ताटात काय उरलं ते बघितलं की खरं कळतं. चहाचंही तसंच. माझी आई चहाला नको म्हणाली, तर काहीतरी बिनसलंय हे मला शंभर टक्के ठाऊक असतं.

ट्रेल रिज रोडच्या सकाळी साडेसहाला निघालो. टाकी आदल्या दिवशीच भरली होती, उद्यानात पेट्रोल मिळत नाही. नकाशे फोनवर उतरवून घेतले होते, कारण आत फोन लागेलच असं नाही. दोघी आज्यांचे कपडे आधी घरी घालून बघितले होते: साडीच्या आत लोकरी पायजमा, जाड मोजे, पट्टीचे बूट, वर वारा अडवणारा कोट आणि कानटोपी. खाली उन्हाळा असला तरी वर थंडी आणि वारा असतो. स्वच्छतागृहं कुठे कुठे आहेत हे मी नकाशावर लाल पेनाने खुणावून सासूबाईंच्या हातात दिलं होतं. मेनी पार्क्स कर्व्ह, रेनबो कर्व्ह, फॉरेस्ट कॅनियन, रॉक कट असे थांबत गेलो. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, पण घाई नाही, बोलत बोलत दम लागला तर उभं राहायचं. साधारण साडेअकरा हजार फुटांच्या आसपास झाडं संपतात आणि टुंड्रा सुरू होतो, म्हणजे बर्फाळ वाऱ्यात जमिनीला चिकटून वाढणाऱ्या गवताचा आणि बोटभर उंचीच्या फुलांचा प्रदेश. इथे फुलायला जेमतेम दोन-तीन महिने मिळतात आणि पायाखाली तुडवलेलं झाड सावरायला अनेक वर्षं लागतात. मुलगा पायवाट सोडून एक पाऊल बाहेर गेला, तर आजोबांनी त्याला हाताला धरून मागे घेतलं आणि कासची गोष्ट सांगितली.

अल्पाइन व्हिजिटर सेंटर ११,७९६ फुटांवर. तिथे पोचल्यावर मुलीने सगळ्यांचे आकडे घेतले. खालच्यापेक्षा सगळ्यांचेच उतरले होते, माझाही, आणि ते होणार हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. सासरे आणि सासूबाई ठीक होते. नवऱ्याने थर्मासमधला चहा ओतला. आईने कप हातात घेतला, ओठाला लावला आणि खाली ठेवला. डोकं दुखतंय का, विचारलं. ‘किंचित,’ म्हणाली. हे ‘किंचित’ ती सहसा म्हणत नाही. आम्ही तिथे चर्चा केली नाही. कुणाला असं झालं तर लगेच खाली उतरायचं हे सगळ्यांसमोर आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे तिला संकोच वाटायचं कारण नव्हतं.

पुढे पश्चिमेला चार मैलांवर मिल्नर पास आहे, १०,७५८ फुटांवर, म्हणजे हजार फूट खाली. तिकडे उतरलो. गाडीत तिने डोळे मिटून घेतले, आणि खाली पोचून थोडा वेळ गेला तशी स्वतःहून पाणी मागून प्यायली. डोकं उतरलं, म्हणाली.

मिल्नर पास म्हणजे खंडाची पाणविभाजक रेषा. पाटीच्या एका बाजूचं पाणी कॅश ला पूड्र नदीतून प्लॅटला, तिथून मिसुरी, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखाताला जातं. दुसऱ्या बाजूचं कोलोरॅडो नदीतून पॅसिफिककडे. सासरे त्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते. मग मुलांना बोलावून म्हणाले, ‘महाबळेश्वरला आपण काय बघतो? कृष्णा पूर्वेला जाते, आपल्या वाईवरून, थेट बंगालच्या उपसागराला. आणि तिथलीच सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्राला. हे तेच आहे, फक्त खंडाएवढं.’ मुलीने विचारलं, प्लॅट म्हणजे कर्नीला रस्त्याच्या कडेने वाहत होती ती का? तीच. मग वहीत त्यांनी नेब्रास्कातल्या पानावर परत जाऊन नदीची रेघ या पानापर्यंत ओढली. त्यांना इथे आणायचं ठरवलं तेव्हापासून केलेल्या खटाटोपाचं माझ्यापुरतं तिथे सार्थक झालं.

परत येताना तोच उंच टप्पा न थांबता पार केला. एक वाजता घरी, जेवण, झोप. तीनच्या सुमारास गडगडाट सुरू झाला आणि डोंगर ढगांत गेले.

दुसऱ्या दिवशी स्प्रेग लेकला जायचं होतं, बेअर लेक रोडवरचं तळं, भोवती सपाट वाट, चाकाची खुर्चीही जाते अशी. परवाना आदल्या संध्याकाळी सातला मिळाला. आईने सकाळी सांगितलं, मी आज घरीच बसते. ‘तुम्ही जा’चा तो सूर नव्हता; तिला खरंच बसायचं होतं, व्हरांड्यात, ऊन खात. घरी कुणाला राहायचं असेल तर दुसऱ्याने सोबत राहायचं, हेही आधीच ठरलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मी राहते विहिणीजवळ, तुझे गुडघे-माझे गुडघे करत बसू. दोघींनी त्या दिवशी भाकरीचं पीठ मळलं. आम्ही तळ्याभोवती सावकाश फिरलो, मुलाने ज्युनिअर रेंजरची, म्हणजे उद्यानात मुलांना सोडवायला देतात ती, पुस्तिका आजोबांच्या मदतीने पूर्ण केली. तळ्याच्या काठी सांबरासारखं दांडगं एल्क हरीण दिसलं. त्यांच्यापासून ७५ फूट लांब राहायचं असतं, मूस नावाच्या मोठ्या हरणापासून आणि अस्वलापासून १२०. मुलाने आजोबांना पावलं मोजून मागे नेलं.

येताना तेच मुक्काम उलट क्रमाने. परतीला उंचीची काळजी नसते, तरीही पाच तासांची मर्यादा आणि गजर आम्ही सोडला नाही.

आता पुढच्या उन्हाळ्यात आई-वडिलांना नेणाऱ्यांसाठी. २०२६पासून शुल्काचे नियम बदलले आहेत. अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांकडे वार्षिक पास नसेल तर ११ मोठ्या उद्यानांत सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला नेहमीच्या शुल्काशिवाय १०० डॉलर जास्त द्यावे लागतात, आणि रॉकी माउंटन त्या अकरांत आहे. पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा. तीन ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर हा हिशेब आधी करा, परवान्यांच्या तारखा त्या वर्षीच्या बघा, आणि मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा की सकाळी किती वाजता निघायला आवडेल.